‘जेवलात का?’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘हो’च येतं: घरच्या रुग्णाशी बोलावं कसं, त्याला भरवावं कसं

वॉर्डातल्या एका आजींची गोष्ट आधी सांगते. वेल्ह्याकडच्या, अंगानं काटकुळ्या. खुब्याचं हाड मोडलं म्हणून पुण्याला आणलेल्या, ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले. मी रोज सकाळ-संध्याकाळ विचारायची, “आजी, जेवलात का?” त्या मान हलवायच्या, “व्हय बाई, जेवले.” मी चार्टवर तसं लिहून पुढच्या पलंगाकडे जायची. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी चादर बदलताना लॉकरचं दार उघडलं आणि आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पोळ्या दिसल्या. सात-आठ असतील, वाळून कडक झालेल्या.

आजींचा चेहरा उतरला. मी दार लोटलं, स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, “आजी, पोळी तोंडात घातली की काय होतं?” मग कळलं. कवळी गावी चुलीशेजारच्या वाटीत राहिली होती. लेकाला त्यासाठी पुन्हा एवढ्या लांब पाठवणं त्यांच्या जिवावर आलं होतं. अन्न टाकायचं पाप नको, म्हणून पोळ्या ठेवून दिल्या होत्या. तीन दिवस त्या फक्त भात आणि वरणाचं पाणी गिळत होत्या, आणि जखम भरायला लागणारं अन्न पोटात जातच नव्हतं.

तेव्हापासून मी ‘जेवलात का?’ हा प्रश्न सोडला. रुग्णाशी बोलणं आणि त्याचा आहार हे नर्सिंगच्या पुस्तकात वेगवेगळे धडे असतात. पलंगाशेजारी मात्र ते एकच काम आहे. नीट विचारलं नाही तर नीट भरवता येत नाही. पुण्यात आज घरोघरी हे काम चाललेलं असतं: कुठे सून करते, कुठे रुग्णसेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून आलेली मावशी, कुठे सत्तरीचे काका पंचाहत्तरीच्या काकूंचं करतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी बसा

दारातून किंवा पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून विचारलेल्या प्रश्नाला लांबचंच उत्तर मिळतं. खुर्ची ओढा आणि तुमचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला येतील असे बसा. टीव्ही बंद करा. उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, कारण कमी ऐकू येणारी माणसं ओठ बघून बरंच समजून घेतात. खिडकीकडे पाठ करून बसलात तर त्यांना तुमचा चेहरा काळा दिसतो. कमी ऐकू येतं म्हणून ओरडू नका. ओरडलं की आवाज चिरका होतो, शब्द फाटतात आणि माणसाला वाटतं की हे चिडलेत. आवाज जरा खालच्या पट्टीत, वाक्य लहान, मध्ये थांबणं, एवढं पुरतं. चष्मा आणि कानाचं मशीन लावलंय का, हे आधी बघा.

हात लावण्याआधी सांगा: “आई, आता कूस बदलते हं, उजवीकडे.” स्वतःचं अंग दुसऱ्याच्या हातात गेलेल्या माणसाला हे एक वाक्य फार मोठं असतं. आणि कितीही आजारी माणूस असला तरी त्याच्या उशाशी त्याच्याबद्दल ‘हे आता काही खात नाहीत’ असं तिसऱ्याला सांगू नका. डोळे मिटलेले असले तरी कान उघडे असतात.

जवळ जायचं ते हात साबणानं धुऊन. गरज असेल तर मास्क लावून. हडपसर भागातून शिकायला येणाऱ्या मुलींना मी नेहमी सांगते, की १८९७ च्या प्लेगात तुमच्याच भागात सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्यासह रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्या स्वतः पाठीवर घेऊन आल्या आणि त्याच साथीनं १० मार्च १८९७ ला गेल्या. त्या काळी प्लेगवर आजच्यासारखी औषधं नव्हती. आज आपल्याकडे साबण आहे, मास्क आहे, औषधं आहेत. लांबून बोलायला आपल्याकडे कारण उरलेलं नाही.

‘हो-नाही’चे प्रश्न कमी करा

‘झोप लागली का?’ हो. ‘बरं वाटतंय ना?’ हो. ‘दुखत नाही ना?’ नाही. आपल्याकडची वयस्क माणसं दुसऱ्याला त्रास नको म्हणून अशी उत्तरं देतात. ‘ना’ लावून विचारलं की आपणच उत्तर त्यांच्या तोंडात घालतो. त्याऐवजी असं विचारा: “रात्री कितीदा जाग आली?” “उठून बसलं की काय होतं?” “आज ताटातलं काय राहिलं?” “कशाचा वास नकोसा झाला?” परगावी किंवा परदेशी राहून आई-बाबांना रोज फोन करणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. ‘जेवलीस का आई?’ यापेक्षा ‘आज भाजी कुठली केलीस? किती उरली?’ यातून जास्त कळतं. भाजीच केली नाही, दोन दिवस चहा-खारीवर निघालेत, हेही त्यातूनच बाहेर येतं.

प्रश्न विचारून झाला की थांबा. मनात दहा आकडे मोजा. उत्तराची घाई आपल्यालाच असते.

दुखण्याविषयी विचारताना तर फार सावकाश जावं. मराठीत दुखण्याला जे शब्द आहेत ते आंधळेपणानं ‘पेन’ या एका शब्दात कोंबू नका. ठणका म्हटलं तर एका जागी ठोके पडल्यासारखं दुखतंय. जखम ठणकत असेल तर ती लाल झालीय का, गरम लागते का, पू धरलाय का, बघावं. कळ येते आणि जाते. पोटात कळा येत असतील तर आतड्याचा मुरडा किंवा मुतखडा डोक्यात यायला हवा. सणक किंवा चमक कंबरेतून पायात उतरते, ती बहुधा नसेची. रग लागते ती स्नायूंना. लघवीला आग होते तेव्हा संसर्गाची शंका घ्यावी. हे शब्द म्हणजे निदान नव्हे, पण डॉक्टरांना ते फार उपयोगी पडतात. म्हणून रुग्णानं वापरलेला शब्द जसाच्या तसा वहीत लिहा.

एक शब्द मात्र हलक्यावर घेऊ नका. ‘गॅस धरलाय’, ‘पित्त झालंय’ असं सांगणाऱ्याला लगेच विचारा: छातीत भरून आल्यासारखं, आवळल्यासारखं, कुणी दगड ठेवल्यासारखं होतंय का? घाम सुटलाय का? दम लागतोय का? दुखणं हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे जातंय का? मधुमेह असलेल्यांत आणि बायकांमध्ये हार्ट अटॅक पुष्कळदा नुसत्या अशक्तपणानं, मळमळीनं किंवा धापेनं सुरू होतो. अशा वेळी ओवा-सोडा देत बसू नका, १०८ ला फोन करा.

दुखणं किती, हे आम्ही शून्य ते दहा आकड्यांत विचारतो. जुन्या माणसांना हे आकडे पटत नाहीत. त्यांना आण्यांत विचारा. “रुपयात किती आणे दुखणं उरलंय?” असं विचारलं की आजोबा विचार करून बरोबर सांगतात, “काल बारा आणे होतं, आज सहा आणे असंल.” गोळी देण्याआधी एकदा आणि दिल्यावर तासाभरानं एकदा असं विचारून लिहून ठेवलं, तर गोळीचा उपयोग होतोय का ते कळतं.

पॅरालिसिसच्या झटक्यानंतर ज्यांची वाचा गेलीय, त्यांच्याशी उलटं करायचं. तिथे हो-नाहीचेच प्रश्न बरे. मान हलवणं, बोट दाबणं, पाणी-लघवी-दुखतंय-झोप अशी चित्रं काढलेला पुठ्ठा. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नव्हे. लहान मुलाशी बोलतो तसं त्यांच्याशी बोलू नका.

आणि “मी यातून उठेन का?” असं कुणी विचारलं तर “काहीतरीच काय बोलता!” म्हणून विषय तोडू नका. “असं का वाटतंय?” एवढंच विचारा आणि ऐका. पुष्कळदा आत काहीतरी वेगळंच असतं: औषधाचा खर्च, नातीचं लग्न, रात्री एकटं वाटणं.

सांगितलेलं समजलं का, हे ओळखणं

“समजलं का?” यालाही उत्तर ‘हो’च. गोळ्या समजावून झाल्या की असं म्हणा: “मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय. संध्याकाळी कुठली गोळी कशी घ्यायची, मला सांगा बरं.” यात चूक सापडली तर ती आपल्या सांगण्याची ठरते आणि समोरच्याला कानकोंडं होत नाही. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, ही जेवणानंतर, हिच्याबरोबर चहा नको, असे घोटाळे याच वेळी उघडे पडतात. ‘दिवसातून दोनदा’ म्हणण्यापेक्षा ‘सकाळच्या चहानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर’ असं सांगितलेलं लक्षात राहतं.

आता ताटाकडे

आजारी माणूस म्हटलं की आपण पेज, मुगाचं पाणी आणि साबुदाण्याची लापशी यांवर येतो. एक-दोन दिवस, तोंडाला चव नसताना, ते ठीक आहे. आठवडाभर त्यावरच ठेवलं तर माणूस खंगतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नावापुरती. डाळीचं वरचं पाणी गाळून दिलं तर प्रथिनं पातेल्यातच राहतात. कढण द्यायचं तर डाळ शिजवून, पूर्ण घोटून, सगळीच्या सगळी द्या.

‘सलाईन लावा, म्हणजे ताकद येईल’ हे तर रोज ऐकते. अर्ध्या लिटरच्या ५ टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे पाच चहाचे चमचे, कॅलरी एका पोळीएवढ्या. साध्या सलाईनमध्ये पाणी आणि मीठ, कॅलरी शून्य. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं असेल किंवा शिरेतून औषध द्यायचं असेल तेव्हा सलाईन जीव वाचवतं. अन्नाची जागा मात्र ते घेत नाही.

जखम भरायला, स्नायू टिकायला प्रथिनं लागतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. म्हातारपणात आणि आजारात ती १ ते १.२ ग्रॅमपर्यंत, कधी जास्तही, लागतात. ४५ किलोच्या आजींना म्हणजे निदान ४५ ग्रॅम. घरच्या स्वयंपाकातून ते असं जमतं: दोन कप दूध १२ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरण १४, दोन पोळ्या ६, एक अंडं ६, वाटीभर दही ३, दोन मोठे चमचे दाण्याचं कूट ४. झाले ४५. अंडं चालत नसेल तर ४० ग्रॅम पनीर घ्या. यात बाहेरच्या प्रोटीन पावडरचा डबा कुठेही आलेला नाही. गरज असेल तर डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ती सुचवतील, जाहिरात बघून आणू नका.

भूक कमी असेल तर ताट वाढवू नका, घास भारी करा. मऊ भातावर मेतकूट आणि चमचाभर तूप. एका चमच्यात ५ ग्रॅम तूप, ४५ कॅलरी. पेजेत दुधाची पावडर. नाचणीची आंबील ताकातली. दुधात कुस्करलेली पोळी. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान. जेवणाआधी अर्धा तास चहा-बिस्किट देऊ नका, भूक तिथेच मरते. पालेभाजीवर, वरणावर लिंबू पिळा, लोह जास्त शोषलं जातं. चहा जेवणानंतर तासाभरानं, कारण जेवणाबरोबरचा चहा तेच लोह अडवतो.

पाच दिवसांहून जास्त काळ पोटात जवळजवळ काहीच गेलं नसेल, तर एकदम पोटभर खाऊ घालू नका. शरीरातले क्षार अचानक घसरून जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना विचारून थोडं थोडं वाढवा.

उपवासाचा विषय येणारच. इन्सुलिन घेणारे एक काका मला आठवतात. घरच्यांनी ‘एकादशी मोडा’ म्हणून वाद घातला. काका गप्प बसले, सकाळचं इंजेक्शन घेतलं आणि दुपारपर्यंत काही खाल्लं नाही. घामानं चिंब, बरळत आणले गेले. पुढच्या खेपेला मी त्यांना विचारलं, “काका, तुमच्या उपवासाला काय काय चालतं?” त्यांनी स्वतःच यादी दिली: दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा, वरई, केळं. त्यांतूनच दर तीन-चार तासांनी काय घ्यायचं ते ठरवलं, डॉक्टरांनी त्या दिवसाचा डोस बदलून दिला, आणि उपवासही राहिला. हे एक महिना आधी विचारलं असतं तर काकांना ती दुपार भोगावी लागली नसती.

शुगर उतरल्याची खूण: घाम, हातापायाला थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, मग खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८.

काही आजारांत ‘पौष्टिक’ तेच घातक ठरतं. किडनीच्या रुग्णाला शहाळ्यातलं पोटॅशियम चालेलच असं नाही, बाजारातल्या कमी सोडियमच्या मिठातही पोटॅशियम असतं, आणि प्रथिनांचा वर दिलेला हिशेब त्यांना लागू नाही. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजी बंद करू नये, पण रोज साधारण तेवढीच खावी. बीपी असेल तर लोणचं, पापड, फरसाण यांचंही मीठ मोजा. दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं.

भरवताना

हा भाग घाईत वाचू नका, चुका इथेच होतात. झोपवून भरवायचं नाही. पाठीला उशा लावून ताठ बसवा, मान किंचित पुढे. हनुवटी वर गेली की घास श्वासनळीकडे जाण्याचा धोका वाढतो, म्हणून तुम्हीही उभं राहून वरून भरवू नका, समोर बसा. माणूस पेंगत असेल तर थांबा. चहाचा चमचा, तोही अर्धा. काय आहे ते सांगा: “दहीभात आहे, लोणच्याचं खार लावलंय जरासं.” घास गिळलेला गळ्यावर दिसतो. तो दिसल्याशिवाय पुढचा चमचा उचलू नका. तोंडात घास असताना प्रश्न विचारू नका.

खोकला आला, ठसका लागला किंवा आवाज पाण्यातून आल्यासारखा ओला झाला, तर भरवणं बंद. पॅरालिसिसनंतर पाणीसुद्धा गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय देऊ नये. पातळ पाणी हे घट्ट खिमटीपेक्षा जास्त पटकन चुकीच्या वाटेला जातं. लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, शेवटी तिथे बघा. जेवण झालं की तोंड, कवळी स्वच्छ करा आणि अर्धा तास तसंच बसवून ठेवा. गोळी कुटून देता येईल का, हे विचारल्याशिवाय कुटू नका.

ज्यांचा हात चालतो त्यांना स्वतः खाऊ द्या. सांडेल, उशीर होईल, तरी चालेल.

पाण्याचं वेगळंच आहे. म्हातारपणी तहान कमी लागते, हे खरं. पण कित्येकजण मुद्दाम पाणी टाळतात, कारण प्यायलं की लघवीला उठवायला कुणालातरी हाक मारावी लागते. म्हणून “पाणी प्या” असं दहादा सांगण्याऐवजी “रात्री उठायचं असलं की काय करता?” असं विचारा. पलंगाशेजारी भांडं आणि हाताशी घंटी ठेवली, की पाणी आपोआप वाढतं. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. हृदयाच्या आणि किडनीच्या रुग्णांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर तेवढंच. जुलाबात ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापानं. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ.

वही

शंभर पानी वही पुरे. रोज चार गोष्टी लिहा: ताटातलं किती खाल्लं (पूर्ण, अर्धं, पाव), पाणी किती भांडी, लघवी-शौच, आणि रुग्णाच्याच शब्दांत तक्रार. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन. महिन्यात वजन शेकडा पाच, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचं अडीच किलो, आपोआप उतरलं तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

डॉक्टरांना फोन करताना याच वहीतून बोला. आत्ता काय झालंय, आधीचं काय आहे, तुम्हाला काय वाटतं, आणि तुम्हाला काय हवंय, या क्रमानं. “डॉक्टर, बाबा कालपासून निम्माही घास घेत नाहीत. मधुमेह आहे, मंगळवारी नवी गोळी सुरू झाली. गोळीनंच मळमळतंय असं वाटतं. आज दाखवायला आणू का?” अर्ध्या मिनिटात काम होतं. मावशीची पाळी बदलतानाही असंच सांगा, आणि तिलाही विचारा की तिनं काय पाहिलं. दिवसभर तीच जवळ असते.

आणि रुग्णालयात जायची बॅग भरताना, फायली आणि औषधांच्या आधी, झाकणाच्या एका डबीत कवळी, चष्म्याच्या घरात चष्मा, कानाचं मशीन आणि त्याचे सेल ठेवा. तिन्हींवर चिकटपट्टी लावून नाव लिहा. त्या आजींची कवळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं आली. तोवर आम्ही दूध-पोळी कुस्करून देत होतो, आणि मी दर वेळी विचारायची, “आजी, वाटीत किती उरलं?”